केतकी राणीचे तीन काळ

एका राज्यात समुद्राला भरती येईनाशी झाली होती. ओहोटीबरोबर पाणी मागे सरले ते सरलेच. होड्या किनाऱ्यावर कलंडून पडल्या, खाडीचा तळ उघडा पडला, आणि कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन दूरच्या पाण्याकडे बघत बसल्या. पण हे दुखणे समुद्रापासून सुरू झाले नव्हते. ते सुरू झाले होते राजवाड्याच्या बागेत.

त्या राज्याचा राजा यशोधवल. त्याची पट्टराणी चारुमती. माहेरी असताना चारुमतीला शिकवायला एक टोपीकर येत असे. नाव अदमंद. सात समुद्रांपलीकडून आलेला, इंग्रजी बोलणारा, आणि जादूत पारंगत. तो तिला आपली भाषा शिकवी, आणि शिकवता शिकवता तिच्यावर जीव जडवून बसला. एके दिवशी चारुमतीने धडा म्हटला, "आय वेट, यू वेट." म्हणजे मी वाट पाहते, तू वाट पाहतोस. तिने धडा म्हटला. त्याने वचन ऐकले.

पुढे चारुमतीचे लग्न यशोधवलाशी झाले. ती बागेत मोगरा खुडत असताना अदमंद तिच्यापुढे येऊन उभा राहिला. मत्सराने त्याचे ओठ काळे पडले होते. "वाट पाहते म्हणालीस ना? मग पाहा," असे तो तिला तिच्या भाषेत म्हणाला, आणि मग आपल्या भाषेत एक शाप उच्चारला. चारुमती जागच्या जागी दगड झाली. उजवा हात कळीकडे नेलेला, ओठ किंचित उघडे. जादूगार खाडीपलीकडच्या काळ्या बेटावर निघून गेला.

बागेत एक साळुंकी होती. तिने तो शाप ऐकला, आणि त्या दिवसापासून ती दुसरे काही बोलेना. रोज संध्याकाळी दगडाच्या खांद्यावर बसायचे आणि तोच शाप इंग्रजीत म्हणायचा. राजाने दूरदूरचे पंडित बोलावले. कोणी म्हणाले ही भुताची भाषा, कोणी म्हणाले ही भाषाच नव्हे. बंदरावर एक दुभाषी होता, त्याला इंग्रजी येत असे. पण तो आदल्याच वर्षी वादळात बुडाला होता. त्याला दोन मुली आहेत हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांतल्या थोरलीला बापाची भाषा येते का, हे कोणी विचारले नाही.

मग ते दगडपण पसरू लागले. आधी बागेतल्या मोगऱ्याच्या कळ्या कळ्याच राहिल्या. मग वाड्यातले दूध विरजेना. मग शेतांत कणसांतला दाणा दुधाळच राहिला, झाडावर कैऱ्या पिकेनात, कोंबड्या अंड्यांवर बसल्या त्या बसूनच. कोणी मरत नव्हते, पण काही पुरेही होत नव्हते. सगळे राज्य कशाची तरी वाट पाहत थांबले, आणि थांबता थांबता उपाशी होऊ लागले.

मंत्री राजाला म्हणाले, "महाराज, सिंहासनाला वारस हवा. दुसरे लग्न करा."

राजा म्हणाला, "बरे."

तो 'बरे' म्हणाला, आणि बंदरावरच्या त्या बुडालेल्या दुभाष्याची थोरली मुलगी केतकी राणी होऊन वाड्यात आली.

केतकी देखणी होती, तापट होती, आणि राजावर तिचा पहिल्या दिवसापासून जीव जडला. राजाने तिला काही कमी केले नाही. शालू दिले, दागिने दिले, पानात विचारून विचारून वाढायला लावले. फक्त दिवेलागणीला तो उठे आणि बागेत जाई. तिथे दगडाच्या पायाशी बसे आणि अंधार पडला की परत येई.

केतकीने काही दिवस सोसले. मग विचारले.

"महाराज, दगडाशी काय बोलता?"

"बोलत नाही. बसतो."

"माझ्याजवळ बसत नाही ते?"

खोटे बोलण्याची राजाला सवय नव्हती. तो म्हणाला, "तू आहेसच ना, केतकी. ती नाही."

ते उत्तर केतकीच्या काळजात रुतले. जी आहे तिच्याकडे पाठ, आणि जी नाही तिच्यापुढे रोजची बैठक! दुसऱ्या दिवशी ती राजाच्या मागोमाग गेली आणि कण्हेरीच्या आड उभी राहिली. साळुंकी उडत आली, दगडाच्या खांद्यावर बसली आणि बोलू लागली. केतकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो तर तिच्या अप्पांच्या तोंडचा बोल होता! तिला शब्द न् शब्द कळला.

साळुंकी म्हणत होती: "ती वाट पाहते, आणि तिच्याबरोबर हे राज्यही वाट पाहील. खाडीपलीकडच्या काळ्या बेटाच्या वाटेवर माझे तीन पहारेकरी आहेत. त्यांच्यापुढे 'वेट' हे क्रियापद कोणी तिन्ही काळांत बरोबर आणि खरे चालवून दाखवील, तर ती सुटेल. पण ते म्हणणारे माणूस असे हवे, जे तिच्या मत्सराने जळत असेल. दुसऱ्या कोणाचा शब्द चालणार नाही."

जादूगार मोठा हुशार. चारुमतीवर ज्याचा जीव, तो धावत गेला असता. पण त्याचा शब्द चालणार नव्हता. जिचा शब्द चालणार होता, ती कशाला जाईल?

केतकी कण्हेरीआड उभी राहिली. राजा दगडाच्या पायाशी बसून होता. त्याला एक शब्द कळत नव्हता, तरी तो मान कलती करून पाखराचे बोलणे ऐकत होता. केतकी पुढे झाली असती, एक वाक्य बोलली असती, तर त्याच क्षणी त्याने तिचे पाय धरले असते. आणि मग? मग ती दगडाची उठली असती, आणि ही हाडामांसाची अडगळीत पडली असती.

ती माघारी फिरली आणि कोणाला काही बोलली नाही.

सवत दगडाची असली तरी सवतच. केतकी दुपारी एकटी बागेत जाई आणि तिला न्याहाळून येई. नाक जरा बसके आहे, असे मनाशी म्हणे. दगडाच्या लुगड्याला जशी चुणी होती, तशीच चुणी तिने एकदा आपल्या शालूला पाडली. राजा बघत राहिला आणि म्हणाला, "चारुमती अशीच नेसत असे." केतकीने तो शालू पुन्हा अंगाला लावला नाही. एकदा तर तिने दगडाच्या गालाला चिमटा काढला. तिचेच नख मोडले.

असे दिवस गेले. थांबलेपण सरकत सरकत बंदरापर्यंत पोहोचले, आणि समुद्र गेला तो परत आला नाही. बंदरावर केतकीची धाकटी बहीण सगुणा राहत होती. ती पोटुशी होती. तिचे दिवस भरले, उलटले, पुष्कळ उलटले. पण वेणा येईनात. केतकी मेण्यात बसून बहिणीकडे गेली.

सगुणा भिंतीला टेकून बसली होती. तिचे पाय सुजले होते आणि डोळ्यांखाली काळे झाले होते.

"अक्का," ती म्हणाली, "बाळ आत हलते. हलते, दमते, गप्प होते. बाहेर येण्याचे नाव घेत नाही."

"येईल. थोडी कळ काढ."

"कळ येतच नाही, अक्का. तेच तर झाले आहे."

सुईण केतकीला दाराबाहेर घेऊन गेली. "राणीसाहेब, आता बाळाची हालचाल मंदावली आहे," ती म्हणाली. "मला काही सुचत नाही. असे मी कधी पाहिले नाही."

केतकी वाड्यावर आली. सरळ बागेत गेली आणि दगडापुढे उभी राहिली.

"तुझ्यासाठी जात नाही मी," ती म्हणाली. "नीट ऐकून ठेव. तुझ्यासाठी नाही."

आणि ती खाडीत उतरली.

खाडीचा तळ ओला होता, पायाखाली चिकट. थोडे चालून गेल्यावर वाटेत एक टिटवी उभी राहिली. पहिला पहारेकरी तो.

"पुढे बेट आहे," टिटवी म्हणाली. "चुकलीस तर चिखल धरील. खोटे बोललीस तर चिखल ओढील. काल?"

केतकीला अप्पांची शिकवण आठवली. अप्पा जाळी विणता विणता शिकवीत. म्हणत, "पोरी, त्यांच्या भाषेत काही क्रियापदे वाकडी असतात. काळ बदलला की अंगच बदलतात. आज 'गो', काल 'वेंट'. ओळखू सुद्धा येत नाहीत. पण 'वेट' हे सरळ क्रियापद आहे. ते मुळात मोडत नाही. कालचे सांगायचे असेल तर शेवटी 'एड' जोड, झाले 'वेटेड'. मी असो, तू असो, तो असो की ती, काल सगळ्यांना एकच." त्यांचा 'ही' म्हणजे आपला तो आणि त्यांची 'शी' म्हणजे आपली ती, हे ऐकून लहानपणी दोघी बहिणी हसून लोळत.

केतकी म्हणाली, "आय वेटेड. यू वेटेड. ही वेटेड. शी वेटेड. वी वेटेड. दे वेटेड."

"बरोबर," टिटवी म्हणाली. "आता खरे."

"ही वेटेड," केतकी म्हणाली. "राजाने तिची वाट पाहिली." ते खरे होते. चिखल गप्प राहिला.

"आणखी."

"शी वेटेड. दगडाने वाट पाहिली."

"आणखी."

"दे वेटेड. राज्यातल्या लोकांनी पाहिली."

"आणखी एक राहिले."

"आय वेटेड," केतकी म्हणाली. "मीही वाट पाहिली. महाराजांची. रोज."

चिखल तिच्या घोट्यांवर चढला.

"हे खरे आहे!" केतकी ओरडली.

"अर्धे," टिटवी म्हणाली. "त्या शब्दाला दुसराही अर्थ आहे. तुला ठाऊक आहे."

चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. थंडगार होता तो. केतकीने आजूबाजूला पाहिले. ऐकायला कोणी नव्हते, तरी तिला मान वर करवेना.

"मी थांबले," ती म्हणाली. "पाखरू काय बोलते ते मला कळत होते. सांगायला हवे होते, आणि मी थांबले. शेते थांबली, समुद्र थांबला, तरी मी थांबले. आय वेटेड."

चिखल सुटला. टिटवी वाटेतून बाजूला झाली.

केतकी पुढे चालली. खाडीच्या मध्यावर एका बुडालेल्या गलबताची डोलकाठी वर आली होती. तिच्यावर निळा खंड्या बसला होता. दुसरा पहारेकरी.

"आज?" खंड्या म्हणाला.

आज तर सर्वांत सोपे. क्रियापद जसेच्या तसे ठेवायचे. केतकीने म्हणायला सुरुवात केली. "आय वेट. यू वेट. वी वेट. दे वेट. ही वेट्स." राजाच्या नावाला तिने शेवटचा 'स' अगदी ठसठशीत लावला. मग चारुमतीची पाळी आली. "शी…" ती म्हणाली, आणि त्या 'शी'मध्ये मराठीतली शीही थोडी मिसळली. "शी वेट."

चिखलाने एका दमात तिला गुडघ्यापर्यंत गिळले.

"तिचा 'स' कुठे आहे?" खंड्याने विचारले.

"विसरले."

चिखल मांडीपर्यंत आला.

"विसरली नाहीस. दिला नाहीस."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आले, रागाचे. "सगळे तिलाच का द्यायचे?" ती म्हणाली. "संध्याकाळ तिला. राजा तिला. राज्याचे दुःख तिच्या नावाचे. आणि वर हा एक 'स', तोही तिलाच! मला नाही, तुला नाही. जी इथे समोर उभीसुद्धा नाही, तिला!"

हाच प्रश्न तिने लहानपणी अप्पांना विचारला होता. आय वेट, यू वेट, मग ही आणि शी यांनाच तो 'स' कशाला? अप्पांनी जाळ्याची गाठ दातांनी ओढली आणि म्हणाले होते, "रीत आहे त्यांची. मी आणि तू समोरासमोर असतो, आपले आपण बोलून घेतो. तिसरा समोर नसतो. त्याची बाजू कोण मांडणार? म्हणून त्याला एक अक्षर जास्त."

अप्पांनी हे मनचेच सांगितले असेल. पण चिखल कमरेपर्यंत आला होता, आणि चारुमतीची बाजू मांडायला तिथे दुसरे कोणी नव्हते.

केतकीने दात आवळले. "शी वेट्स," ती म्हणाली.

"पुन्हा. अर्थासह."

"शी वेट्स. ती वाट पाहते. आत्ताही. उन्हात, हात पुढे करून. तिला बसता येत नाही की डोळे मिटता येत नाहीत." हे बोलली आणि ती स्वतःच दचकली. इतके दिवस ती दगडाला न्याहाळत होती, पण त्याचे डोळे उघडे आहेत हे तिने आज पहिल्यांदा मनात आणले.

खंड्या उडून गेला. चिखल खाली बसला.

काळ्या बेटावर एक जुनाट वड होता. वडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला लिंपून बसली होती. फक्त चोच बाहेर. नर फांदीवर होता. तो तिसरा पहारेकरी. आणि वडाखाली अदमंद जादूगार बसला होता. दाढी पांढरी, डोळे निळे, आणि पायांपासून गुडघ्यांपर्यंत तो दगड झाला होता. ज्याने शाप दिला, त्यालाही तो हळूहळू चढत होता.

"ये," जादूगार म्हणाला. "तू दोन पहारे ओलांडलेस. मला वाटले नव्हते कोणी येईल. तिसऱ्याची गरज नाही. तुझे काम मी बसल्या जागी करतो."

त्याने शेजारचा पेटारा उघडला. आत मोती होते, पाचू होते, माणसाचे डोळे दिपावेत असे हिरे होते. त्याने एक चिंचपेटी काढून केतकीपुढे धरली.

"ही गळ्यात घाल. ही जिच्या गळ्यात असते, तिची राजे वाट पाहतात. तुझा राजा दगडाला विसरेल. सकाळी तुझ्या दाराशी बसेल, संध्याकाळी तुझ्या दाराशी बसेल. तू बाहेर आलीस की त्याचा दिवस उजाडेल. हेच हवे ना तुला?"

"हेच हवे," केतकी म्हणाली.

तिने चिंचपेटी घेतली. मोती जड होते, थंड होते. तिने ती गळ्याशी नेली. बोटांची टोके बधिर झाली, राखाडी झाली, तरी तिने हात खाली घेतला नाही. तिच्या मनात एकच चित्र होते: दिवेलागण झाली आहे, आणि राजा बागेकडे न वळता तिच्या दाराकडे येतो आहे.

फासा अडकवता अडकवता तिने विचारले, "आणि ती?"

"ती दगडच राहील. तुला काय त्याचे?"

"आणि राज्य?"

"राज्य थांबेल. तुला काय त्याचे?"

"आणि सगुणा?"

"ती कोण?"

"माझी बहीण. तिचे दिवस कधीचे भरले आहेत."

जादूगाराने खांदे उडवले. "तिनेही थांबावे," तो म्हणाला. "मी थांबलो नाही का?"

केतकीने त्याच्याकडे पाहिले. तो खरोखरच थांबला होता. वडाखाली, आपल्या मोत्यांपाशी, गुडघ्यांपर्यंत दगड होऊन. आणि ज्या बाईने त्याला कधी वचन दिले नाही तिच्यावर अजून रुसून. केतकीला त्याचा राग आला नाही. तिला त्याची ओळख पटली, आणि त्याचीच भीती वाटली.

तिने चिंचपेटी पेटाऱ्यात टाकली आणि वर पाहून हाक मारली, "धनेशा, विचार!"

"उद्या?" धनेश म्हणाला.

"आय विल वेट. यू विल वेट. ही विल वेट. शी विल वेट."

"उद्या तिसरीला 'स' नाही?"

"नाही. उद्या सगळ्यांना एकच 'विल'. मला तोच, तिला तोच."

"बरोबर. आता खरे. तिचे सांग."

केतकी थबकली. कालचे झालेले असते, आजचे दिसत असते. उद्याचे खरे वाक्य कुठून आणायचे? 'शी विल वेट' म्हटले तर चारुमती वाट पाहतच राहील. तिने एक श्वास घेतला आणि वाक्यात 'नॉट' घातला.

"शी विल नॉट वेट. उद्या ती वाट पाहणार नाही."

"हे खरे कोण करील?"

"मी करीन."

"अजून जळतेस का तिच्यावर?"

"जळते," केतकी म्हणाली. "तरी करीन."

ढोलीवरचा लेप तडकला आणि धनेशाची मादी पंख फडफडवीत बाहेर आली. त्याच क्षणी दूरवर, जिथे समुद्र थांबला होता, तिथे पांढरी रेघ उठली. इतक्या दिवसांची भरती एकदम येत होती.

केतकीने पेटारा उपडा केला. मोती, पाचू आणि हिरे वाळूवर पडले आणि पडताक्षणी शिंपले झाले. पेटारा ओढत ती पाण्याच्या काठाशी धावली. मागून जादूगाराचा आवाज आला. चारुमतीच्या अंगातून निघालेले दगडपण त्याच्या कमरेला, छातीला चढत होते.

"वेट!" तो ओरडला. "वेट!"

काळ नाही, कर्ता नाही, नुसते उघडे क्रियापद. अप्पा सांगत, असे म्हटले की ती आज्ञा होते: थांब. केतकी थांबली नाही. तिने पेटाऱ्यात उडी घेतली, आणि लाटेने तिला उचलले. बेटावर वडाखाली एक खडक तेवढा उरला.

लाटेने पेटारा थेट राजवाड्याच्या घाटाशी लावला. केतकी चिखलाने माखली होती, केस सुटले होते. ती बागेत पोहोचली तेव्हा मोगऱ्याच्या साऱ्या कळ्या एका दमात उमलल्या होत्या, आणि चारुमती गवतावर बसून आपले पाय चोळत होती. राजा तिच्यापुढे गुडघे टेकून रडत होता. त्याने केतकीला पाहिले नाही. केतकी पुन्हा जळली.

चारुमतीने मात्र पाहिले. "महाराज," ती म्हणाली, "मला सोडवणारी मागे उभी आहे."

राजा वळला. केतकीने सगळे सांगितले. काही गाळले नाही. ऐकता ऐकता राजाचा चेहरा बदलत गेला.

"तुला ती भाषा येत होती?"

"येत होती."

"पाखरू काय म्हणते ते कळत होते?"

"कण्हेरीआडून ऐकले त्या पहिल्या संध्याकाळपासून."

"आणि तू गप्प राहिलीस? राज्य उपाशी मरत असताना?"

"राहिले."

"का?"

"आपण रोज इथे येत होतात म्हणून," केतकी म्हणाली.

राजाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. "प्रधानजींना बोलवा," तो म्हणाला. "याचा न्याय दरबारात होईल."

"न्याय मी करते," चारुमती म्हणाली. "दगड मी झाले होते, महाराज नाही." ती उठली. पाय लटपटत होते, म्हणून तिने आधाराला हात पुढे केला. तो हात राजाकडे नव्हता, केतकीकडे होता. केतकीने क्षणभर पाहिले आणि धरला.

"मला सगळे ऐकू येत होते," चारुमती म्हणाली. "सनई वाजली ते ऐकले. मग कण्हेरीआड तुझे पैंजण ऐकले. ती नवी, ती चालू शकते, ती त्यांना पानात वाढते, असे म्हणत मीही जळत होते. दगड होते म्हणून धूर दिसला नाही. गालाला चिमटा काढलास तेव्हा मला हात उचलता आला असता ना, तर तुझे कानशील लाल केले असते."

"नख माझे मोडले," केतकी म्हणाली.

"ते ऐकून बरे वाटले."

दोघी हसल्या नाहीत, पण हातही सोडला नाही.

"महाराज," चारुमती राजाकडे वळून म्हणाली, "आपण रोज माझ्या पायाशी बसलात, त्याचे मला सुख होते. खोटे कशाला बोलू? पण कण्हेरीआड कोण उभे आहे, हे एकदाही वळून पाहिले नाहीत. हिचा न्याय होणार असेल, तर आपलाही होईल."

राजाचा हात मुठीवरून खाली आला.

एवढ्यात बंदरावरून घोडेस्वार आला. "राणीसाहेब! सगुणाबाईंना कळा सुरू झाल्या आहेत. सुईण म्हणते, लवकर या. अवघड आहे."

केतकी मेण्याकडे धावली. चारुमती तिच्या मागोमाग लटपटत गेली आणि मेण्यात चढून बसली.

"तू कशाला?" केतकी म्हणाली.

"तू म्हणाली होतीस ना, माझ्यासाठी जात नाहीस म्हणून? मग जिच्यासाठी गेलीस तिला बघायला नको?"

राजा घोड्यावरून त्यांच्यामागे निघाला. बंदरावर पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागले होते आणि कलंडलेल्या होड्या आपोआप सरळ होत होत्या. दोघी राण्या सगुणाच्या घरात शिरल्या. सुईणीने दार लावून घेतले. राजाही पुढे झाला, तेव्हा ती फटीतून म्हणाली, "पुरुषांनी बाहेर."

तो बाहेर राहिला. सगुणाचा नवरा पायरीवर बसून होता. राजा त्याच्याशेजारी बसला. आतून सगुणाचे ओरडणे येत होते, चारुमतीचा धीराचा शब्द येत होता, आणि सगळ्यांवर केतकीचा आवाज: "आता, सगुणा! आता!" राजाने इतके दिवस वाट पाहिली होती, पण दाराआड कोणी माणूस झगडत असताना वाट पाहणे काय असते, हे त्याला त्या पायरीवर कळले. दर खेपेला केतकीचा आवाज थांबला की तो उठून उभा राहत होता.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा आतून बाळाचे रडणे आले. मोठे, रागीट, खणखणीत.

दार उघडले. केतकी बाहेर आली, दमलेली, घामेजलेली. राजा म्हणाला, "केतकी, इथे बैस." त्याने पायरीवर आपल्या शेजारी जागा केली. दिवेलागणीची वेळ होती. केतकीने आधी दाराकडे पाहिले, जिथे चारुमती बाळाला दुपट्यात गुंडाळून उभी होती.

"बैस," चारुमती म्हणाली. "मी आत आहे. पण फार वेळ नाही हो!"

केतकी बसली.

त्यानंतर त्या राज्यात दूध विरजले, आंबे पिकले, कणसे भरली, आणि भरती-ओहोटी आपल्या वेळेला येऊ-जाऊ लागली. साळुंकी शाप विसरली आणि साळुंकीसारखी बोलू लागली. दोन राण्यांची भांडणे अधूनमधून होत, ती वाड्याबाहेरही ऐकू येत. पण दोघींपैकी कोणी बाहेरगावी गेली की दुसरी सज्जात येरझाऱ्या घाली. सगुणाची मुलगी दोन्ही मावश्यांच्या मांडीवर वाढली, आणि बोलायला लागली ती दोन भाषांत.